दुसऱ्या स्टेपनीची जागा

निवृत्त झालेल्या ड्रायव्हरनं घरी स्वस्थ बसावं, असं माझ्या बायकोचं मत होतं. मी बसलोही काही दिवस. मुरबाडच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून तिच्या पायात पायात येत राहिलो, डाळीला फोडणी कधी द्यावी ते तिला शिकवू लागलो. शेवटी तीच म्हणाली, "तुमी बाहेर काहीतरी उद्योग बघा." मग मी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस विकत घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत उभी करून तिचंच घर बांधायला लागलो.

बाकं काढून एक दिवाण टाकला. शेगडीसाठी ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. मागच्या कोपऱ्यात पडदा लावून कमोड बसवला. कमोड ही बायकोची अट होती. दोन्ही गुडघे गेल्यापासून तिला खाली बसता येत नाही. पण खरं सांगायचं तर गुडघे धड होते तेव्हाही ती प्रवासाला घाबरायची, ते ह्याच एका कारणानं. कुठं लग्नाला जायचं असलं तरी आदल्या संध्याकाळपासून तिचं पाणी बंद. मी सरकारी लाल गाडीवर नोकरी केली, अख्ख्या जिल्ह्याला फिरवून आणलं, आणि घरची बाई मात्र तहानलेलीच प्रवास करायची.

गाडीला मी तांबडा रंग दिला. "दुसरा रंग नव्हता का दुकानात?" एवढंच ती म्हणाली.

आता माझा शहाणपणा सांगतो. कमोडखाली मैल्याची टाकी बसवायला हवी होती. गाडीच्या पोटाखाली तेवढी जागा एकच होती, आणि तिथं मी दुसरी स्टेपनी टांगली. एका स्टेपनीवर माझा विश्वास नाही. माळशेजच्या घाटात एकाच फेरीत दोनदा पंक्चर झालेला ड्रायव्हर देवावर विश्वास ठेवील, पण एका स्टेपनीवर ठेवणार नाही. प्लंबर हसला, मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. परिणाम असा की, आमचा कमोड जिथं खाली पाइप जोडायची सोय असेल तिथंच चालणार होता. बाकी ठिकाणी ती नुसती झाकण असलेली खुर्ची.

बायकोनं सगळं पाहिलं आणि निकाल दिला. "दोन राती येते मी. जमलं तर जमलं. नायतर परत आल्यावर गाडी विकायची. मग कुरकुर नाय करायची."

मी हो म्हणालो. मनातल्या मनात मी तोवर पार तळकोकणात जाऊन समुद्राच्या कडेनं परतसुद्धा आलो होतो, आणि त्या सगळ्या रस्त्यांवर ती माझ्या शेजारी बसलेली होती. एकट्यानं जायचं असतं तर मला गाडीच नको होती. एकट्यानं फिरणं नोकरीत खूप झालं होतं.

मुक्काम कुठं करायचा यावरून मात्र आमचं वाजलं. वैशाखऱ्याजवळ कुणीतरी भातशेतीच्या जागेवर अशा घर-गाड्यांसाठी खासगी तळ काढला होता. प्रत्येक गाडीला आखलेली जागा, जागेशी एक खांब, खांबावर विजेचा प्लग, खाली नळ आणि सांडपाण्याचं तोंड. पाहुण्यानं फक्त जोडायचं. दुसरीकडं डोळखांबच्या वरच्या अंगाला, एका पाड्याजवळ, गावाच्या वन समितीनं जंगलाकाठचं एक मैदान राखलं होतं. तंबू ठोका, गाडी लावा, कुणी हाकलत नाही. हातपंप एक, खाली बसायचे संडास दोन, वीज नाही. मला ते मैदान पाठ होतं. मुक्कामाची गाडी घेऊन मी वर्षानुवर्षं तिथंच झोपलो होतो. संध्याकाळची शेवटची फेरी तिथं संपायची आणि सकाळची पहिली तिथूनच सुटायची. मधली रात्र ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीतच काढायची.

"मला खांबवाली जागा पायजे," बायको म्हणाली.

"आणि मला मैदान."

शेवटी एक रात्र तिची आणि एक माझी असं ठरलं. पहिली तिची.

वैशाखऱ्याच्या तळावर माझं पहिलं भांडण खांबाशीच झालं. मुक्कामाची गाडी कशी लावायची याची आमची रीत आहे. संध्याकाळीच वळवून घ्यायची आणि तोंड रस्त्याकडं करून उभी करायची. सकाळी अंधारात मागं-पुढं करण्यात वेळ जात नाही. तशी लावली, तर पाइप पुरेना. आमची जोडणी एका बाजूला आणि खांब दुसऱ्या बाजूला. तिथला मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "काका, उलटी लावा." उलटी म्हणजे तोंड कंपाउंडच्या भिंतीकडं. लावली. जन्मात पहिल्यांदा मी भिंतीकडं बघत स्टिअरिंग सोडलं.

बायको मात्र खुलली. पंखा फिरला, गरम पाणी आलं, कमोड चालला. ती संध्याकाळी दोन पेले पाणी प्यायली आणि वर चहा. माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा, असं पायजे." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. शेजारच्या जागेवर ठाण्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्याशी रामराम सोडून काही बोलणं झालं नाही. बोलायची गरजच नव्हती. मीठ त्यांच्याकडं होतं, आमच्याकडंही होतं. पाणी, वीज सगळं ज्याचं त्याच्या खांबावर. तिला झोप छान लागली. मला लागली नाही. गाडीचं तोंड भिंतीकडं असताना ड्रायव्हरला झोप कशी येणार?

दुसऱ्या दिवशी आतल्या रस्त्यानं डोळखांबकडं निघालो. दुपारी जेवताना माझं लक्ष तिच्या बाटलीकडं गेलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. तिचं पाणी बंद झालं होतं. तिथंच मला गाडी वळवावीशी वाटली. पण माझी रात्र होती ना! हट्टानं पुढं गेलो.

मैदान तसंच होतं. आंब्याचं झाड, त्याखाली चाकांनी दाबून कातळासारखी झालेली जमीन. मुक्कामाची गाडी बंद होऊन बराच काळ लोटला होता, तरी तिथं गवत धड उगवलं नव्हतं. मी झोकात गाडी वळवली, तोंड रस्त्याकडं केलं आणि झाडाखाली माझ्या जुन्या जागेवर लावली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिला दाखवू लागलो. इथं आम्ही शेकोटी करायचो. त्या वाटेनं पाड्यावरून कुणीतरी भाकरी आणायचं, रोज वेगळं घर, न सांगता पाळी लावलेली. नाचणीची गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. खाऊन पथारी पसरली की डोक्यावर चांदणं. "राजासारखं राह्यलो मी इथं," मी म्हणालो.

ती ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "माझे पाय दुखतात. मी पडते जरा." पाणी प्यायली नाही. जेवलीही चिमणीएवढं. विषय संपला, आता गाडी विकावी लागणार, हे मला त्याच वेळी कळलं.

पहाटे, अजून उजाडायचं होतं, तेव्हा गाडीच्या दारावर कुणीतरी हातानं थापटलं. बायकोनं दार उघडलं. बाहेर पाड्यावरच्या चार-पाच बाया उभ्या. डोक्यावर वालाच्या शेंगांच्या पाट्या, कुणाकडं कोनफळं, कुणाच्या बगलेत कोंबडा. आठवडी बाजाराला निघालेल्या. सगळ्यात पुढं होती ती म्हातारी म्हणाली, "सरक गो बाय, पाटी ठेवू दे. गाडी परत चालू झाली, कुणी सांगितलं पन नाय."

तांबडी गाडी, आंब्याखाली, तोंड रस्त्याकडं. त्यांची काय चूक! आता पाड्यावर जीप येते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि तोवर बाजारातली चांगली जागा जाते. पहाटे गाडी दिसली तशा त्या धावत आल्या होत्या.

मी अंथरुणातून उठून समजावायला लागलो, की ही ती गाडी नाही, हे आमचं घर आहे. म्हातारीनं आत डोकावून दिवाण पाहिला, शेगडी पाहिली, मग मला निरखून पाहिलं.

"तू तोच ना रे, रातची गाडी आनायचा? बोंबलाची चटनी दोनदा मागून घ्यायचा?"

बायकोनं माझ्याकडं वळून पाहिलं. घरी मी बोंबलाच्या वासाला नाक मुरडतो. नोकरीवरची चव वेगळी असते, पण हे तिला त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता.

आणि त्याच वेळी तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिची अडचण आता थांबण्यासारखी नाही. मी काही बोलायच्या आत तिनंच म्हातारीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. म्हातारी मोठ्यानं हसली. "अगो मग बोलायचं ना! माझ्या सासूसाठी पोरानं खुर्ची कापून ठेवली हाय, ये." आणि ती तिला हाताला धरून पाड्याकडं घेऊन गेली. बाकीच्या बायांनी खुशाल पाट्या आत ठेवल्या आणि माझ्या दिवाणावर बसून घेतलं.

बऱ्याच वेळानं दोघी आल्या, तोवर फटफटलं होतं. बायकोच्या हातात शेंगांची पिशवी होती. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून केलेली ती सोय कशी पक्की आहे, हे ती मला वर्णन करून सांगू लागली. तिथं चहाही झाला होता. मग शेगडीवर तिनं सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला. चहा होईतो म्हातारी तिला सांगत होती की मुक्कामाच्या माणसांना जेवायला द्यायचं म्हणजे त्या दिवशी सुनेच्या वाटची भाकरी कधी कधी अर्धी व्हायची, पण गाडी आपल्या दारात झोपते याचं पाड्याला कौतुक होतं. मला हे माहीत नव्हतं. भाकरी गरम असायची, एवढंच मला माहीत होतं.

निघण्याआधी मी काचा पुसत होतो. बायको बाजूला येऊन उभी राहिली.

"तुमी रोज सकाळी निघताना मी काय विचारायचे?"

"आज मुक्काम कुठं, असं विचारायचीस."

"का विचारायचे?"

"काळजीनं."

"काळजी कसली! सैपाक करायचा का नाय ते कळायला. तुमी मुक्कामाला असलात की मी चूल पेटवत नव्हते. एकटीसाठी काय पेटवायची? सकाळची उरलेली पोळी चहात बुडवायची आन कडी लावून पडायचं."

आम्हाला मूल नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आंब्याखाली चांदणं बघत भाकरी खायचो, तेव्हा घरी चूल गार असायची. ती हे रागानं बोलली नाही, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. मला फार वाईट वाटलं. मी पुसलेलीच काच परत पुसली.

बायांना घेऊन आम्ही शहापूरला निघालो. रस्ताभर मागं गलका चालला होता, कोंबडा मध्येच ओरडत होता, आणि बायकोचा आवाज त्या सगळ्यांत मिसळून गेला होता. मी एकटा पुढं. खांब असलेली जागा बरी की मैदान, हा विचार माझ्या डोक्यात घोळत होता. खांबापाशी कुणाकडं काही मागावं लागत नाही. ती त्यातली चैन. मैदानात सगळं मागावं लागतं. पण माझं मागणं आजवर कुणीतरी न सांगता पुरवत आलं होतं, म्हणून मला ते राजेपण वाटलं. मागायची पाळी तिच्यावर आली तेव्हा ती संकोचून तहानलेली राहिली. ती म्हातारी दारात आली नसती तर तिनं दुपारपर्यंत तसंच रेटलं असतं.

शहापूरला बाजाराजवळ बाया उतरल्या. भाड्याला मी हात जोडून नकार दिला, तर प्रत्येकीनं मूठभर शेंगा बायकोच्या ओटीत टाकल्या. म्हातारी जाताना म्हणाली, "पुढच्या बाजाराला या गो." गाडी एकदम रिकामी आणि गप्प झाली. बायको पुढं येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसली, मांडीवर शेंगांचा ढीग.

मी इंजिन बंदच ठेवलं. निकाल मागायची हिंमत होत नव्हती. मग समोर बघतच म्हणालो, "एक स्टेपनी काढतो. तिथं टाकी बसवतो. म्हणजे कुठंही थांबलो तरी..."

"आन घाटात दोनदा पंक्चर झालं तर?"

"तर बसू घाटात."

मुरबाडचा रस्ता मागं राहिला होता, घरी जायचं तर गाडी वळवावी लागणार होती. तिनं पायाशी ठेवलेली बाटली उचलली. कालपासून गळ्यापर्यंत भरलेली तीच बाटली. झाकण काढून ती गटागटा पाणी प्यायली, अर्धी बाटली संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"मग," ती म्हणाली, "आज मुक्काम कुठं?"