बनेश्वराने लाज राखली ती अशी

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या वेल्ह्यात साखर वाटली गेली, पण मला ती गोड लागेना. मला वकील व्हायचं होतं, आणि माझ्या नावावर भोर संस्थानच्या कोर्टातला एक गुन्हा होता. पुण्याच्या लॉ कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः मुलाखत घेत आणि "कधी शिक्षा झाली आहे का?" असं हमखास विचारत.

गुन्हा असा. मी शाळेत होतो. वरच्या धनगरवाड्यातल्या ठकूबाईची म्हैस कुणाच्या पिकात शिरली म्हणून कोंडवाड्यात अडकली. घरी तिचं नुकतं जन्मलेलं रेडकू दुधावाचून रेकत होतं. दंड भरायला ठकूबाई आली, तर राखणदार लग्नाला गेलेला. "त्यो येस्तवर माजं रेडकू मरंल रं," म्हणून ती रडू लागली. मी दगड उचलला, कुलूप फोडलं आणि म्हैस वाड्यावर पोचवली. कोर्टात "होय, फोडलं" म्हणालो, आणि मलाच दंड झाला.

"न्हाई म्हणून मोकळा हो. संस्थानातलं पुण्यात कोन बगतंय?" बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांनी सल्ला दिला. आई एवढंच म्हणाली, "जाताना नसरापूरला बनेश्वराच्या पाया पड. फुडचं त्यो बगंल."

देवळात गेलो, पिंडीपुढे डोकं टेकलं आणि म्हणालो, "देवा, माझी ही गोष्ट झाकून ठेव." म्हणालो खरा, पण ते मागणं माझं मलाच पटेना. तसाच बाहेर कुंडाच्या पायरीवर येऊन बसलो. शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ नुकतीच अंघोळ उरकून धोतर पिळत होते.

"काय रे, फाशीला निघालास की काय?"

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. वर म्हणालो, "मॅजिस्ट्रेट मोठे खडूस होते. सगळं ऐकलं, तरी दंड ठोकला. नजरसुद्धा वर केली नाही."

"ठकूबाईचं रेडकू जगलं का रे?"

"जगलं तर!" म्हणालो, आणि चमकलो. मी नुसतं 'एक बाई' म्हणालो होतो, ठकूबाईचं नाव तर घेतलंच नव्हतं.

गृहस्थ पोट धरून हसले. "अरे, तो खडूस मीच! डोक्यावर पगडी नाही म्हणून ओळखलं नाहीस. नजर वर केली असती तर हसू फुटलं असतं, आणि न्यायासनावर बसून हसायचं नसतं." मग डोळे पुसत म्हणाले, "कुलूप फोडलंस, दंड भरलास, ते तिथंच संपलं. उद्या खोटं बोललास तर तो नवा गुन्हा, आणि त्याला म्हशीची सबब चालणार नाही. मला सांगितलंस तसंच तिथं सांग. साक्ष मागितली तर माझं नाव घे."

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. भीती वाटायच्या आत मी सगळं सांगून मोकळा झालो. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "आज तसंच घडलं तर काय कराल?"

"कुलपाला हात लावणार नाही, साहेब. राखणदाराला लग्नाच्या पंगतीतून उचलून आणीन."

साहेबांच्या मिशा थरथरल्या. मग तुमच्याबद्दल खात्री कोण देईल, असं त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "ज्यांनी शिक्षा केली तेच?" त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. भोरला विचारणा झाली. तिकडून काय उत्तर आलं ते मला कधीच कळलं नाही, पण प्रवेश मिळाला. ती बातमी ऐकून आई इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

ते गृहस्थ दर सोमवारी त्या कुंडावर स्नानाला येत, हे मला मागाहून समजलं. त्यामुळे चमत्कार म्हणावा असं यात काही नसेलही. मी वकील माणूस, पुराव्याशिवाय बोलणार नाही. पण एवढं खरं, की मी देवाकडे गोष्ट झाकून ठेवायला सांगितली, आणि ती ज्याला पुरती ठाऊक होती त्याच्याच शेजारी त्यानं मला नेऊन बसवलं. तेव्हापासून मी देवाला काय दे ते सांगत नाही. हात जोडतो, आणि देवळाबाहेर जो भेटेल तो त्यानंच धाडला असं समजून चालू लागतो.