दोरीवरच्या माणसाचा सत्कार

दोन हजार चार साली एका सकाळी शहराच्या पानावर चौकटीत बातमी आली. सदाशिव पेठेतल्या एका नाट्यगृहाचा दर्शनी पडदा आता मोटरवर चालणार, नियंत्रण संगणकाचं. शेवटच्या ओळीत, ‘यावेळी ज्येष्ठ कर्मचारी बद्रीनाथ यांचा हृद्य सत्कार करण्यात आला.’ आडनाव नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलं नसावं. ‘हृद्य’ मात्र न विचारताच छापून येतं.

बद्रीनाथ तरुणपणी जालन्याहून पुण्यात आले. नाट्यगृहात खुर्च्या मांडता मांडता पडद्याच्या दोरीवर गेले आणि तिथेच राहिले. उजव्या विंगेत जाड दोरी, शेजारी स्टूल. दोरीची एक बाजू ओढली की पडदा उघडतो, दुसरी ओढली की मिटतो. कामाचं वर्णन एवढंच. पुण्यात यापेक्षा कमी कामावर लोकांनी आत्मचरित्रं लिहिली आहेत.

त्यांचा एक नेम होता. प्रयोगाचा नारळ ते स्वतः मंडईतून आणत, कानाशी हलवून, विक्रेत्याचा अपमान होईल इतका वेळ लावून. शेंडीला हळदकुंकू लावून तो विंगेत ठेवत आणि दुसऱ्या घंटेनंतर फोडत. नारळ फुटल्याशिवाय दोरीला हात लावत नसत. उशीर झाला तरी नाही, मंत्री पहिल्या रांगेत बसले असले तरी नाही.

नाट्यगृह चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस श्रीनिवासराव हे स्वतः नामवंत नट. त्यांच्या गाजलेल्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक लांब स्वगत होतं. अलीकडे त्याचं शेवटचं वाक्य त्यांना आठवेनासं झालं होतं. ते गप्प होत, विंगेकडे नजर टाकत, आणि बद्रीनाथ सावकाश पडदा मिटत. गप्प उभा नट, मिटत जाणारं मखमल, टाळ्यांचा कडकडाट. समीक्षकांनी त्याला ‘बोलका विराम’ म्हटलं. श्रीनिवासरावांनी ते कात्रण विंगेत येऊन वाचून दाखवलं होतं. “बघ बद्री, आपला विराम.” मुलाखतीत मात्र तो ‘माझा विराम’ होता. ही गोष्ट दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती; श्रीनिवासरावांच्या मुलालाही नाही.

मुलगा पुष्कर. हिंजवडीची नोकरी सोडून त्याने रंगमंचावरच्या यंत्रांची कंपनी काढली होती. कंपनीला पहिलं गिऱ्हाईक हवं होतं. ते घरातच होतं.

मोटरची कुजबुज कानावर आली तेव्हा बद्रीनाथांनी सरळ विचारलं, “श्रीनिवासराव, माझी दोरी राहणार का?”

“अरे, मोटर शाळांच्या गॅदरिंगला. माझ्या नाटकाला तुझाच हात. शब्द देतो.”

मग त्याच नाटकाच्या प्रयोगाआधी सत्कार करायचं निघालं. बद्रीनाथांना एकच शंका होती. “मी पडद्यापुढे उभा राहिलो, तर मागे कोण?”

“सत्काराला पडदा बंदच असतो रे. शाल घे, मागे जा, नारळ फोड आणि उघड. काय अवघड आहे?”

काहीच अवघड नव्हतं. आनंदीबाईंनी नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री केली. बद्रीनाथ सकाळी मंडईत जाऊन नारळ घेऊन आले.

दुसरी घंटा झाली आणि त्यांना पडद्यापुढे बोलावलं. इतक्या वर्षांत ते त्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. शाल आली, मग श्रीफळ आलं. हातात घेताच त्यांनी ओळखलं. शेंडीवरचं कुंकू त्यांनीच लावलेलं होतं. दुसरा नारळ आणायचा राहिला असेल, असं त्यांना वाटलं. हरकत नाही, मागे गेल्यावर हाच फोडू.

श्रीनिवासराव ध्वनिक्षेपकावर म्हणाले, “आणि आता, बद्रीनाथांच्याच साक्षीनं...”

पाठीमागे बारीक घरघर झाली. बद्रीनाथ वळले. पडदा उघडत होता. सरळ, एकसारखा, कुठेही न अडखळता. दोष काढावा असं त्यात काही नव्हतं. उजव्या विंगेतल्या त्यांच्या स्टुलावर पुष्करचा लॅपटॉप होता. दोरी नव्हती. टाळ्या मात्र भरपूर होत्या. कुणीतरी त्यांना दंडाला धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत नेऊन बसवलं, फार आदरानं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी श्रीनिवासराव स्वगताच्या टोकाला आले आणि थांबले. विंगेकडे पाहिलं. पुष्करला सांगितलेलं होतं, शेवटचं वाक्य संपलं की बटण दाब. तो आज्ञाधारक मुलगा होता. वाक्याची वाट पाहत बसला.

विराम वाढत गेला. तो बोलका राहिला नाही.

“अहो, पुढचं उद्या सांगणार का?” बाल्कनीतून आवाज आला. लोक हसले.

श्रीनिवासरावांची नजर विंगेतून निघून पहिल्या रांगेवर आली. बद्रीनाथांना ती नजर पाठ होती. एक टाळी पुरली असती; बाकीच्यांनी उचलली असती, पुष्करनेही बटण दाबलं असतं. बद्रीनाथांनी मांडीवरच्या नारळावर दोन्ही हात ठेवले आणि ते तसेच बसून राहिले.

शेवटी पुष्करने विंगेतून डोकं बाहेर काढून वडिलांचा चेहरा पाहिला, तेव्हा कुठे पडदा मिटला. उत्तम मिटला.

मध्यंतरात रंगवलेल्या चेहऱ्यानेच श्रीनिवासरावांनी त्यांना आत बोलावलं. “बद्री, एक टाळी वाजवायला काय झालं होतं तुला?”

“सत्कारमूर्तीनं टाळ्या वाजवायच्या नसतात, श्रीनिवासराव.”

“बरं, टोमणे नंतर. तिसऱ्या अंकाला विंगेत उभा राहा, पुष्करला खूण कर.”

“दोरी कुठाय?”

“काढली. आता तिचं काय करायचंय?”

“शब्द दिला होतात.”

“अरे, कार्यक्रम ठरला तसा ठरला. मनाला लावून घेऊ नकोस. आणि तो नारळ फोडायचा राहिलाय, तेवढा फोड.”

बद्रीनाथांनी नारळाकडे पाहिलं. “हा माझा आहे. आपणच दिलात. सगळ्यांदेखत.”

शाल त्यांनी घडी करून स्टुलावर, लॅपटॉपशेजारी ठेवली. फाटकाशी पोहोचले तेव्हा आत घंटा झाली. ते थांबले नाहीत.

घरी आनंदीबाईंनी विचारलं, “हा नारळ परत कसा आला?”

“यानंच माझा सत्कार झाला.”

सकाळी चौकटीतली बातमी आली तेव्हा तो खवून झाला होता.