शेजारणीची गाय

"माझी न्हाई वो, शेजारणीची गाय हाय." पदराचं टोक तोंडाशी धरून मावशी हे इतक्या सहज म्हणायच्या, की पहिल्या खेपेला मीही फसलो.

धारूरकडच्या जनावरांच्या दवाखान्यात रोगांच्या नोंदी माझ्याकडे असतात. नोंदी अपुऱ्या का, अशी वरून सारखी विचारणा होते. लोक सांगतील तर लिहिणार ना! गाईचं दुखणं दडवणारे तुम्हीही पाहिले असतील. ते शेजारणीवर ढकलणाऱ्या मावशी एकट्याच.

एकदा मी म्हणालो, "मावशी, शेजारणीकडं तर नुसत्या शेळ्या आहेत."

त्या ढिम्म. "मग लिवूच नका. औषद तेवढं द्या."

मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरी त्या आणि गाय. "आजारी हाय म्हणलं की पोरगं येऊन इकंल तिला. मग मी बोलू कुणासंगं?" मी औषधाची पुडी बांधून दिली.

त्या हिवाळ्यात गाय गाभडली, दिवस भरायच्या आधीच मेलेलं वासरू पडलं आणि वार आत अडकली. मावशींनी ती उघड्या हातानंच ओढून काढली आणि मग गाय दवाखान्यात आणून मला सांगितलं. अर्थात, शेजारणीची म्हणूनच. गाईचं रक्त तपासू म्हणालो, तर "कावून? बरी हाय आता." गाय गाभडवणारा एक रोग असतो आणि तो माणसालाही लागतो, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या गाय घेऊन निघून गेल्या.

पुढे एकदा एकट्याच आल्या. चेहरा पार उतरलेला. "शेजारणीला सांजच्याला ताप येतोय. लई घाम सुटतो, कंबर धरती. गोळी हाय का?"

ही शेजारीण कोण, ते मला लगेच कळलं. "तिला मोठ्या दवाखान्यात जायला सांगा," मी जवळजवळ ओरडलोच, "आणि गाय गाभडल्याचं तिथं सांगायला लावा!"

गेल्या बिचाऱ्या. सोबत खरी शेजारीण होती. तिनंच मला नंतर सांगितलं, "डाक्टरनं इचारलं, घरी जनावरं हायत का? न्हाईत म्हणली. मी बोलाया गेले, तर चिमटा काढला मला."

तिथं नुसत्या तापाचं औषध मिळालं. उन्हाळा लागायच्या आत मावशी वारल्या.

मुलगा परतला आणि गाय घेऊन माझ्याकडे आला. रक्त तपासलं, रोग निघाला. त्या गाईची नोंद पहिल्यांदाच पुरी झाली. मला त्याचं काडीचंही समाधान वाटलं नाही. मावशींचा राग येत होता आणि आठवणही.

"सायेब, आईला बी ह्योच झालता का?" मुलानं विचारलं.

आईचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. दावं हातात धरून तो उत्तरासाठी थांबला होता. "ते आता कळणार नाही," मी म्हणालो, "पण तू तुझं रक्त तपासून घे, आणि गाय तुझीच आहे असं तिथं सांग."