करमत नाही, एवढंच त्यात नाही

दर रविवारी उपासना सुटली की मी चर्चच्या व्हरांड्यात एक टेबल मांडते. त्यावर बायकांसाठी पुस्तकं असतात. विकायची नाहीत, वाचायला न्यायची आणि आठवणीनं परत आणून द्यायची. काही विश्वासावरची, बरीचशी आईपणावरची, आणि एक लग्नाशिवाय राहणाऱ्या बाईसाठी. गुरुवारी संध्याकाळी महिला मंडळाची प्रार्थनासभा असते, तिथली शेवटची पाच मिनिटं माझी. त्यात एक पुस्तक सांगते. कुणी वाचावं, का वाचावं, आणि कुठला धडा आला की सरळ पानं उलटावीत. मी हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झाले, त्यामुळं चर्चमध्ये लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. काकू म्हणायला काका नाहीत, तेव्हा बाईच बरं पडतं.

पानं उलटा हे सांगावंच लागतं, कारण ही पुस्तकं बहुतेक भाषांतरं. त्यातली आई पहाटे उठून खिडकीपाशी बसते आणि तासभर निवांत प्रभूशी बोलते. आमच्या बायका खो खो हसतात. पुस्तकातल्या आईला सासू नसते, नळाच्या पाण्याची वेळ नसते, डबा तर नसतोच. मी म्हणते, ते गाळा, पुढं एका ठिकाणी ती पोरावर वसावसा ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते, तेवढं वाचा, ते आपलं आहे. मग ते पुस्तक हातोहात जातं. ‘बाई, तुम्हाला पोरं न्हाईत, तरी कसं बरोब्बर सांगता वं,’ असं कुणीतरी म्हणतंच. कौतुकानंच म्हणतात. पण घरी येऊन कुलूप काढताना ते आठवतं आणि मग चहासुद्धा करू वाटत नाही.

विश्वासावरची पुस्तकं आजारपणात जातात. कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळला, की घरातली बाई टेबलापाशी येऊन उभी राहते आणि काय पाहिजे ते सांगत नाही. मी विचारत पण नाही, हातात देते. राहता राहिलं ते बिनलग्नाच्या बाईचं पुस्तक. सडपातळ, निळ्या कव्हरचं. ते कुणी घरी नेत नसे.

आमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत. म्हणजे मानतात, पण मानत नाही असं म्हणतात. लग्नाच्या पोरीनं ते पुस्तक उचललं की मागून तिची आई आलीच. ‘ठेव ते. बाकीची काय कमी हाईत व्हय?’ आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे तोंडाला फटकळ आणि मनानं मऊ, एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘बाई, तेवढं टेबलाखाली ठेवा की. उगं पोरींच्या नजरंला नको.’ मी म्हणाले, ‘टेबलाखाली ठेवायला ती काय दारूची बाटली आहे?’ आणि पुढच्या रविवारी ते सगळ्यात पुढं मांडलं. माझा स्वभावच वाकडा. दाबलं की मी उसळते.

त्या पुस्तकात म्हटलंय की एकटं राहणं हे देवाचं कृपादान आहे. मी गुरुवारी तसं सांगितलं, तर अध्यक्षबाई पटकन बोलून गेल्या, ‘दान म्हणं. मागितलं कुणी?’ सभा हसली. मी पण हसले. मी तरी कुठं मागितलं होतं? आमच्यात माणसंच थोडी, त्यात स्थळं थोडी. एक मिरजेकडचं आलं, त्यांना उजळ रंगाची पाहिजे होती. एक गडहिंग्लजच्या बाजूचं, नेसरीजवळचं आलं, माणूस चांगला वाटला होता मला, पण त्यांचं चर्च वेगळ्या पंथाचं म्हणून वडील अडून बसले. मग वडील गेले, आईला बघायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि विचारायचं हळूहळू लोकांनीच सोडून दिलं. कुणी वाईट नव्हतं. आई गेल्यापासून मी कळंब्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहते. कोल्हापुरात रविवारी घराघरात मटण शिजतं. मी पाव किलो मागितलं की दुकानदार अजून विचारतो, ‘आज पावणं न्हाईत वाटतं?’ पावणं कधीच नसतात. पण तो विचारतो, आणि मला दर वेळी काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

ते निळं पुस्तक टेबलावरून पहिल्यांदा उचलून नेलं ते सिस्टरनं. ती इथल्याच एका दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. पस्तिशी उलटलेली, उंच, चालणं झपझप. तिनं पुस्तक घेतलं तशी तिची आई मागनं आलीच. ‘अगं ते कशाला?’ तर ही म्हणाली, ‘आई, वाचायला न्यायलोय, त्यात राहायला न्हाय.’ तिथल्या तिथं मला ती आवडली.

गुरुवारी सभेनंतर ती पुस्तक परत द्यायला आली आणि बोलत बोलत माझ्याबरोबर घरापर्यंत आली. मग ते दर गुरुवारचंच झालं. रात्रपाळी नसली की सभा सुटल्यावर दोघी माझ्याकडं. पुढच्या गुरुवारी कुठलं पुस्तक सांगायचं यावर आमची भांडणं व्हायची. मला भाषा नीट पाहिजे असायची, तिला खरं काय ते पाहिजे असायचं. ‘बाई, ह्या लेखिकेनं कधी कुणाचं बेडपॅन काढलेलं न्हाय,’ असं म्हणून तिनं एक जाडजूड पुस्तक बादच केलं. भाकरी मी करायची, भाजी ती. पिठलं केलं तर तिला ते तिखटच वाटायचं नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत मिरच्या घालायची. कधी दमून जेवता जेवता खुर्चीतच डोळा लागायचा तिचा. मी भांडी न वाजवता आवरत बसायची. दारात दुसऱ्या माणसाच्या चपला दिसल्या की बरं वाटायचं मला. फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? बुधवारीच मी कोथिंबीर निवडून ठेवायची. बऱ्याच वर्षांनी मला घरात करमायला लागलं होतं.

अशी दोनेक वर्षं गेली, आणि तिला स्थळ आलं. गगनबावड्याचे एक शिक्षक, बायको आजारानं गेलेली, पदरात सहा वर्षांची मुलगी. सिस्टरच्या आईनं तर जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. सिस्टर हो म्हणेना आणि नाही पण म्हणेना. माणसाला भेटून आली, मुलगी बघून आली, आणि मला सांगताना तिनं फक्त एवढं सांगितलं की मुलीच्या वेण्या वडील घालतात आणि एक वर एक खाली येते. हे सांगताना ती हसली.

अध्यक्षबाईंनी मला रविवारी गाठलंच. ‘बाई, ती तुमचं ऐकती. तुम्ही सांगा तिला. आयुष्याचं वाटोळं हुतंय पोरीचं.’ मी समोर उभी असताना म्हणाल्या. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी म्हणाले, बघते. आणि घरी येताना बसमध्ये मी काय ठरवत होते, तर तिनं नाही म्हणावं. तिच्या भल्यासाठी वगैरे नव्हे. माझे गुरुवार जाऊ नयेत म्हणून. मला एवढी आशा लागून राहिली होती की प्रार्थनेत तो विषय आला की मी घाईनं दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायची.

पुढच्या गुरुवारी ती आली ती ते निळं पुस्तक घेऊनच. टेबलावरनं कधी उचललं होतं मला कळलंही नव्हतं. भाजी चिरायला बसली नाही. पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, ‘बाई, एक विचारू? ह्यात लिहिलंय तसं असतं का खरंच?’

मला कळलं की हाच तो प्रश्न. घरी आई, चर्चमध्ये अध्यक्षबाई, दवाखान्यात मैत्रिणी, सगळ्यांचं ऐकून झालं होतं तिचं. आता मी काय म्हणते त्यावर ती ठरवणार होती, कारण आमच्या सगळ्या माणसांत त्या पुस्तकातलं आयुष्य जगलेली मी एकटीच. नुसतं हो म्हणायचं होतं. आणि हो म्हणणं खोटंही नव्हतं. त्या पुस्तकातली ओळ न् ओळ मी गुरुवारी सभेत सांगितली होती, मनापासून सांगितली होती.

मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

‘असतं,’ मी म्हणाले. ‘सगळं खरं आहे. वेळ आपला असतो. कुणाचा जाच नाही. प्रार्थना मनासारखी होते, सेवा होते, पैसा आपल्या हातात राहतो. फक्त करमत नाही. एवढंच त्यात नाही.’

‘एकाकीपणाचा धडा हाय की ह्यात.’

‘तो वेगळा. एकाकीपणा पुस्तकात येतो, त्याच्यावर वचन देता येतं, उपाय सांगता येतात. आपल्यात कोण म्हणतं गं, मला एकाकीपणा आलाय? आपण म्हणतो, करमंना. रविवारी दुपारी जेवून भांडी घासून झाली की करमत नाही. नाताळचे चार दिवस सगळीकडं जाऊन आलं, घरी येऊन दिवा लावला, की करमत नाही. देवावर राग नसतो, तब्येतीला काही झालेलं नसतं, काही कमी पण नसतं. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, टीव्ही लावा.’

तिनं पुस्तक ओट्यावर पालथं घातलं. मग म्हणाली, ‘मग तुम्ही काय करता?’

‘पुस्तकं सांगते,’ मी म्हणाले.

माझा आवाज जरा चढला असावा. मी पुढं हेही सांगितलं की तिकडं गेल्यावर तुला करमेलच असं मी म्हणत नाही. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे महिना महिना कपडे वाळत नाहीत, परकं लेकरू, पहिल्या बाईची भांडीकुंडी. तिथंही कदाचित करमणार नाही. पण तू मला माझं विचारलंस, म्हणून माझं सांगितलं. तिनं मान हलवली. त्या दिवशी पिठल्यात मिरच्या मीच घातल्या आणि कमी पडल्या. जाताना तिनं पुस्तक ओट्यावरच ठेवलं.

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. ‘बाई, मी हो म्हटलं.’ मी म्हणाले, ‘बरं केलंस.’ मग तिनं भाकरी खाल्ली का विचारलं आणि मी खाल्ली म्हणून सांगितलं.

आमच्यात लग्न ठरलं की सलग तीन रविवार उपासनेत पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात. वाचून झालं की विचारतात, या विवाहास कुणाची कायदेशीर हरकत असल्यास त्यांनी ती सांगावी. मग ते जरा थांबतात. कुणी कधी काही सांगत नाही. पोरं खोकतात, पंख्याचा आवाज येतो, आणि पाळकसाहेब पुढची सूचना घेतात. आयुष्यभर ऐकत आलेय मी हे, कधी लक्षही दिलं नव्हतं. पहिल्या रविवारी सिस्टरचं नाव वाचलं आणि ते थांबले, तेव्हा मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरून बसले होते. कायदेशीर नव्हती, पण हरकत होती मला. उभं राहून काय सांगणार होते? की साहेब, हिचं लग्न झालं तर मला करमायचं नाही?

शेजारी अध्यक्षबाई होत्या. त्यांनी माझा हात दाबला. ‘बाई, तुमच्यामुळं झालं बगा. काय सांगितलासा तिला?’

‘खरं ते सांगितलं.’

‘लई चांगलं केलासा,’ त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हात सोडलाच नाही. उपासना संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. त्यांच्याबद्दल मी काय काय बोलत आले होते, त्याची लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाली. मी टेबल मांडलं. फाटकाशी ते शिक्षक मुलीला घेऊन उभे होते, आणि सिस्टर घाईघाईनं माझ्याकडं आली. तिला आईपणावरचं पुस्तक पाहिजे होतं, पण सहा वर्षांची लेक आयती मिळालेल्या आईचं. मी सगळा ढीग खालीवर केला. एकूण एक पुस्तक डोहाळ्यांपासून सुरू होत होतं. माझ्याकडं तसं नाही, असं मी सांगितलं, आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटायला लागलं, म्हणून मी पुस्तकांच्या कडा जुळवत राहिले.

ती गेली नाही. फाटकातून तिला हाक आली, तरी उभीच राहिली.

‘बाई,’ ती हळू म्हणाली, ‘त्या दिवशी तुम्ही नुसतं हो म्हणाला असता ना, तर मी राहिले असते.’

‘ठाऊक होतं मला,’ मी म्हणाले.