दारवर

मी पहिल्यांदा सुरतेला निघालो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला रनाळ्याच्या स्टँडपर्यंत आले होते. हातात पत्र्याची पेटी, मायनं फडक्यात बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि डब्यात लाल मिरचीची चटणी. नंदुरबारची एसटी येईपर्यंत आबा थांबले. लिंबाखाली उभे राहून खोकत होते. त्यांना दमा होता, आणि मिरचीच्या दिवसांत तो वाढायचा. बस वळणावर दिसली तशी ते घाईनं म्हणाले, "लगीनले नही उना तरी चाली. पन दारवर येवानं चुकाडू नको. वैरीना दारवर बी जानं पडस, भाऊ."

दारवर जाणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या सुरतेत वाढलेल्या मुलांना मात्र सांगावं लागलं. कोणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरी जाऊन बसायचं. पेपरातल्या जाहिरातीत त्याला 'द्वारदर्शन' असं भारदस्त नाव देतात. बायका गळ्यात पडून रडतात, पुरुष ओट्यावर, अंगणात, जागा मिळेल तिथे बसतात. बोलायचं फार नसतं. आपण आलो हे त्या घरानं पाहिलं, की उठायचं.

आबांचं ते एक वाक्य मी पाळलं. उधन्याला उतरून कापड मार्केटमध्ये पार्सल बांधायला लागलो, पुढे त्याच दुकानात माल पाठवण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. भाऊबंदांची लग्नं चुकवली, साखरपुडे चुकवले, सख्ख्या मावसभावाच्या घरभरणीला गेलो नाही. दारं चुकवली नाहीत. शेठ हसायचा, "तमे मराठी लोको मरणमां ज वतन जाओ छो." तो गावाला वतन म्हणतो. आपल्या मराठीत वतन म्हणजे हक्क. हा फरक त्याला समजावून सांगावा असं कैकदा मनात आलं, पण तीस वर्षांत जमलं नाही.

आज हे लिहितो आहे ते तुम्हा दोघांसाठी. लिंबायत, उधना, पांडेसरा या सुरतेच्या वस्त्यांत माझ्यासारखे येऊन राहिलेल्यांसाठी, आणि मागे गावात राहिलेल्यांसाठी. मागे राहिलेल्यांनो, तुमच्यावर माझा राग आहे. तो गेलेला नाही. तो गेल्याचं नाटक मी बरीच वर्षं केलं.

कोरोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये धाकट्या भावाचा, संजूचा फोन आला. आबांना श्वास लागतो आहे, रात्र रात्र बसून काढतात. मी मोटारसायकल काढली. बायको म्हणाली, पोलीस अडवतील. पोलिसांनी अडवलंही. नवापूरच्या नाक्यावर ताप पाहिला, नाव-गाव विचारलं, वडील आजारी आहेत म्हटल्यावर सोडून दिलं. पोलिसांनी सोडलं आणि गावानं अडवलं.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. शेताला कुंपण करतात तशा, नीट रचून. पलीकडे दहाबारा जण उभे होते, तोंडाला रुमाल बांधून, आणि सगळ्यांच्या पुढे मधुकर. मधुकर माझ्या वर्गातला. बियाणं-खताचं दुकान आहे त्याचं. आता त्याला सगळे आप्पा म्हणतात. त्याच्या दुकानात कापडी पिशव्या लागायच्या, त्या दर दिवाळीला मी सुरतेहून आणून द्यायचो.

"रम्या, तठेच थांब," तो ओरडला. "गाडीवरून उतरू नको."

"आप्पा, आबांना बरं नाही. पाहू दे मला."

"तुन्हा बापले आमी बघी ऱ्हायनूत. तू सुरतथीन उना, हाई आमले दखाय ना?"

मागून कोणी तरी म्हणालं, "त्याना बाप शे, जाऊ द्या ना बिचाराले." त्यावर दुसरा भडकला, "मंग तुन्हा घर मा ठेव त्याले! ठेवस का?" तिसरा म्हणाला, सुरतेत म्हणे माणसं रस्त्यावर पडून मरतात, मोबाईलवर आलंय. मी आदल्या रात्रीपर्यंत सुरतेत होतो. मला रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं नव्हतं. पण ज्यानं मोबाईलवर पाहिलं त्याचं खरं, आणि जो तिथून आला त्याचं खोटं, असा तो काळ होता. काट्यांच्या पलीकडे माझ्यावरून माझ्यासमोर भांडण चाललं होतं आणि मी गाडीवर एक पाय टेकून उभा होतो, विकायला आणलेल्या बैलासारखा.

शेवटी ठरलं की मी चौदा दिवस शाळेत राहायचं. मी ऐकलं. हे मला आजही टोचतं. मी त्या काट्या पायानं बाजूला सारून घरी जाऊ शकलो असतो. मला अडवायला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती, मला शिवायलाच तर सगळे भीत होते! पण मला वाटलं, असेल, माझ्या अंगात असेलही. आबांना माझ्याकडून काही व्हायला नको. मुकाट्यानं शाळेत गेलो.

शाळेच्या ओट्यावरून आमच्या गल्लीचं तोंड दिसतं. संजू दोन्ही वेळा डबा आणून ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि मागे सरकून बोलायचा. "आबा विचारतात, तू जेवला का." मी म्हणायचो, जेवलो. आबांचा खोकला गल्लीतून शाळेपर्यंत ऐकू यायचा.

खोकल्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. आमच्या भागात मिरची पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, वाळायला पडते, तेव्हा वारं सुटलं की अख्खं गाव खोकतं. शाळेत प्रार्थना खोकत म्हणायची, मारुतीच्या पारावर गप्पा खोकत मारायच्या. पाहुणा आला आणि ठसकला की आम्ही हसायचो. ज्या गावाचा निम्मा जन्म खोकण्यात गेला, ते गाव एका म्हाताऱ्याच्या जुन्या खोकल्याला भ्यालं. वर्षानुवर्षं ज्यांनी त्यांना लिंबाखाली खोकताना पाहिलं होतं, तेच म्हणायला लागले, "आते समजनं. पोऱ्या सुरतथीन उना, आनि बापले खोकला सुरू व्हयना."

पोऱ्या बापाला शिवला नव्हता. पोऱ्यानं बापाचं तोंडही पाहिलं नव्हतं. गावानंच त्याला शाळेत कोंडलं होतं. पण भीतीला हिशोब येत नाही.

माझा शाळेतला मुक्काम संपायच्या आत आबा गेले. संजूनं ओट्याखाली उभं राहून सांगितलं. त्या दिवशी तो मागे सरकला नाही, सरळ वर आला आणि माझ्या गळ्यात पडला. स्मशानात चौघांना परवानगी मिळाली. मला शेताच्या बांधावर, लांब उभं केलं. संजूनं अग्नी दिला. थोरला मी, आणि मी बांधावरून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मधुकरनं आमच्या गल्लीच्या तोंडाशीही काट्या टाकल्या.

माय ओट्यावर येऊन बसली. मला शाळेतून ती दिसत नव्हती, गल्लीचं तोंड तेवढं दिसत होतं. संजू फोनवर सांगायचा, सकाळपासून बसली आहे, आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणते, कोणी येईल आणि मी ओट्यावर नसले तर काय म्हणतील. तिनं ओट्यावर सतरंजी अंथरली होती. आबांनी आयुष्यभर ज्यांची दारं चुकवली नाहीत, त्या माणसांसाठी ती सतरंजी होती. कोणीही आलं नाही. फोन आले. "वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, टाईम कसा आहे." माय फोन कानाला लावून नुसती "हं" म्हणायची. फोनवर दारवर येता येत नाही. तिला एवढंच कळत होतं, आणि ते खरं होतं.

मग जिजी आली. जिजी म्हणजे मधुकरची आई, मायची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं. काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी आली, काट्यांकडे पाहिलं, आणि काठीनंच फांदी लोटायला लागली. लुगड्याचा पदर काट्यात अडकला. तो तिनं ओढला, फाटला. मागून मधुकर धावत आला, पण काट्यांपाशी येऊन थांबला, जणू पलीकडे नदीला पूर आलाय.

"जिजी! घर चाल. लोक बघी ऱ्हायनात."

"बघू दे. मीबी बघी ऱ्हायनू, कोन कोन येत नही ते."

"तुले काही व्हयनं तर?"

"व्हवू दे. तू इतला भीस ना, मंग मी मरनू का मन्हा दारवर बी कोनले बलावू नको. माले बी याच काटास मा फेकी दे!"

ती आत गेली आणि, संजूनं नंतर सांगितलं, आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून बसली. मायच्या जवळ गेली नाही, तेवढं तिलाही कळत होतं. आणि मोठ्यानं रडायला लागली. आमच्याकडे बायका शब्दांनी रडतात, गेलेल्याला हाक मारून. "मन्हा भाऊ रे, तुन्हा दारवर आज कोनी नही रे..." तो आवाज शाळेपर्यंत आला. त्या आवाजानंतर पहिल्यांदा मायचं रडणं ऐकू आलं. तोवर ती रडलीच नव्हती. एकटं माणूस कोणासमोर रडणार?

जिजीला काही झालं नाही. मायला झालं नाही, संजूला झालं नाही, मला ताप आला नाही. म्हणजे सुरतेहून मी काहीच आणलं नव्हतं. पण हे गावानं कधी मोठ्यानं म्हटलं नाही. सगळं निवळल्यावर आबांच्या श्राद्धाला सगळे आले, जेवले, पान खाल्लं. मधुकरही आला. म्हणाला, "टाईमच तसा व्हता, रम्या." मी मान हलवली.

आता हलवत नाही. टाईम तसा होता हे मला कबूल आहे. आजार खरा होता, पुढच्या वर्षी त्यानं आमच्याच मार्केटमधली चांगली चांगली माणसं नेली. घाबरू नये असं मी म्हणत नाही, मीही घाबरलो होतो. लांब बसा, तोंड बांधा, हात लावू नका, सगळं मान्य. पण जिजीनं दाखवलं ना, लांब बसूनही येता येतं! एक सत्तरी ओलांडलेली बाई जे करू शकली, ते अख्ख्या गावाला जमलं नाही. आणि भीतीच होती, तर ती सुरतेचीच का? गावातली निम्मी घरं सुरतेच्या पगारावर उभी राहिली, लग्नाचे बस्ते सुरतेहून आले, मधुकरच्या पिशव्या सुरतेहून आल्या. तेव्हा सुरत गोड होती. माणूस आला तेव्हा ती रोग झाली. आम्ही गेलेले लोक तुमचे कोण आहोत, हे त्या काट्यांनी आम्हाला सांगितलं. माझ्यासारखे किती जण त्या महिन्यात आपापल्या गावाच्या वेशीवर उभे होते, हे आम्ही लिंबायतमध्ये अजून एकमेकांना सांगतो. कोणाचं गाव कसं वागलं, यावरून आमच्यात आता गावं ओळखली जातात.

आणि माझं काय? राग तुमच्यावर आहे, पण रात्री टोचतो तो मीच. मी तीस वर्षं गाव सोडून राहिलो म्हणून आबांच्या खोकल्याला सुरतेचं नाव लागलं. मी आलो नसतो तर त्यांच्या दारवर गाव आलं असतं. त्यांना शेवटचं पाहायला आलो आणि पाहिलंही नाही, वर त्यांचं दारही ओस केलं. हे बरोबर नाही, हे मला कळतं. बायको समजावते. पण कळून टोचणं थांबत नाही.

या हिवाळ्यात जिजी गेली. संजूचा फोन आला आणि मी पिशवी भरायला लागलो. बायको म्हणाली, "त्याच्या दारवर जाणार तुम्ही?" ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. जिजीचं दार म्हणजे मधुकरचं दार. मी पिशवी ठेवली, परत उचलली. मायला फोन लावला. ती म्हणाली, "तो तुले बलावत नही. ती बलावस. ये."

मधुकरच्या अंगणात मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, गाव भरून आलं होतं. मी मांडवात शिरलो नाही. गल्लीच्या पलीकडे, समोरच्या भिंतीला टेकून खाली बसलो. लोक पाहायला लागले. मधुकर उठून मांडवाच्या कडेला आला. डोकं भादरलेलं, एकदम म्हातारा दिसत होता.

"वर ये, रम्या. धूळ मा काय बठना?"

"जिजी इतक्याच लांब बसली होती, आप्पा. आमच्या दारवर."

हे वाक्य मी कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं. बोललो तेव्हा वाटलं होतं तसं काही झालं नाही. मधुकर तिथेच उभा राहिला. मग मांडव ओलांडून गल्लीत आला, माझ्यापासून थोड्या अंतरावर धुळीत बसला. मी उठलो तेव्हा त्यानं खाली पाहतच विचारलं, "मी आते येऊ का रे तुन्हा दारवर?"

"मायला विचार," मी म्हणालो.

घरी येऊन मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सुपातून नजर न काढता म्हणाली, "दार कठे गयं नही. तठेच शे."

मला तिचाही राग आला. उधन्याला उतरेपर्यंत तो राग माझ्याबरोबर होता. इतक्या स्वस्तात? मधुकर आला की नाही, मी अजून संजूला विचारलेलं नाही, आणि मायनंही आपणहून सांगितलेलं नाही.

पण परवा मी मुलांना बसवून सांगितलं. सुरतेत आपलं घर आहे, दाराला बेल आहे, नावाची पाटी आहे. तरी मी गेलो की मला इथे ठेवू नका. माझं दार रनाळ्याला. शेठला जे समजावायचं राहिलं ते हेच असावं. वतन म्हणजे जिथे आपल्या दारवर येण्याचा लोकांवर आपला हक्क असतो, मग त्यांनी तो एकदा बुडवलेला का असेना.

तेव्हा गावकऱ्यांनो, ऐकून ठेवा. माझ्या दारवर तुम्हाला यायचं आहे. काळ कसा असेल मला ठाऊक नाही. तेव्हाही कोणी काट्या टाकल्या, तर जिजीनं लोटल्या तशा काठीनं लोटा आणि या. लांब बसा. पण या.