चढाई ताईची, फोटो भाऊंचे

मुलुंडचा माणूस बोरिवलीला निघाला की घरचे त्याला परदेशी चालल्यासारखे उपदेश करतात. मी ते ऐकले आणि एक अवजड कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो. लग्नांचे फोटो काढणाऱ्या मित्राने तो एका दिवसासाठी दिला होता. "तू फक्त बटण दाब. माणूस कितीही पळू दे, हा त्याचा डोळा शोधतो आणि धरून ठेवतो." बसमध्ये दीड तास तो मांडीवर तान्ह्या बाळासारखा सांभाळला. पायांना मुंग्या आल्या.

एवढा खटाटोप ताईसाठी. बोरिवलीत चाळिशीपुढच्या बायकांची कबड्डी होती. लग्नाआधी ताईने घाटकोपरची मैदाने गाजवली होती, पण खेळतानाचा एकही फोटो नाही. माझी भाची तर सरळ म्हणायची, "आई, तू जिना चढताना दोनदा बसतेस." ताईला चढाईचा एक स्पष्ट फोटो हवा होता, लेकीला दाखवायला.

पोचल्यावर तिने घावन (तांदळाच्या पिठाचे जाळीदार धिरडे) वाढले. मी पाच खाल्ले, तिने एकही नाही. 

मैदानापलीकडे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मधोमध भाऊ, भोवती चाळीसेक शुभेच्छुक, सगळे थेट माझ्याकडे बघणारे. ताई कपाळाला माती लावून 'कबड्डी कबड्डी' करत घुसली, एकीला शिवली आणि निसटून परत आली. मी बटण सोडलेच नाही. मग पाहतो तर प्रत्येक फोटोत भाऊ इतके स्वच्छ की मिशीचे केस मोजावेत. त्यांच्यापुढे एक निळा ढग. तो ढग म्हणजे ताई.

"बॅनर जरा खाली घेता का?" मी एका कार्यकर्त्याला विचारले.

"वाढदिवस भाऊंचा आहे ना. तुम्हीच खाली बसा." मग त्याने कॅमेऱ्यात डोकावले. "भाऊ झकास आलेत. पाठवा ना."

मी खाली बसलो. दुसऱ्या चढाईला डाव्या कोपऱ्यातले शुभेच्छुक आले. शेवटी डोक्यात प्रकाश पडला आणि मैदानाला वळसा घालून मी फ्लेक्सखालीच जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात शिट्टी वाजली. सामना संपला, ताईचा संघ हरला. मला रडूच यायचे बाकी होते.

ताई मात्र अख्खे मैदान कापत माझ्याच अंगावर धावत आली. "फोटो इलो काय रे?" घाबरून माझे बोट बटणावर पडले.

"ताई, चढाई एकही नाही आली," मी कबूल केले आणि कॅमेरा पुढे केला. पडद्यावर शेवटचा फोटो होता. मातीचे कपाळ, सुटलेला अंबाडा, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले आणि डोळे लख्ख.

घरी गेल्यावर भाचीने तो मोठा करून बराच वेळ पाहिला. "आई, तू हवेत आहेस."

"मग? सांगत होते ना," ताई म्हणाली आणि पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये मी भाऊ आणि त्यांचे शुभेच्छुक एकेक करून पुसून टाकले. मित्राचा कॅमेरा चांगलाच आहे. फक्त ताईचा फोटो काढायचा तर कडेला बसून भागत नाही, तिच्या वाटेत उभे राहावे लागते. हे मला लहानपणी माहीत होते, कारण तेव्हा मी तिच्या वाटेतून पळायचो.