त्या गाडीला माझा हात चालला नाही

भूत, नजर, लिंबू-मिरची यातलं मी काहीही मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कोणी "काका, शांती करून घ्या" असं लिहू नये. लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण गाड्यांच्या खाली पडून झालं. इंदूरला मल्हारगंजात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, पन्नास वर्षांच्या वर झाली. वायरिंगमध्ये बिघाड असला की त्याला कारण असतंच. कारण सापडत नाही म्हणणारा मेकॅनिक आळशी असतो, हे मी लोकांना तोंडावर सांगत आलोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. कोरडी थंडी, ओठ फुटत होते... म्हणजे हवेत ओल नव्हती.

वैद्य मॅडम, रिटायर्ड टीचर, इंदूरच्याच मराठी, एक जुनी मिनीबस घेऊन आल्या. आत पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं. मोटरहोम म्हणे. गोव्याच्या कोणाकडून तरी घेतलेली, वीस-बावीस वर्षं जुनी. दोघी बहिणींना महिनाभर फिरायला जायचं होतं. तक्रार अशी, की पंप लावला की दिवे मंद आणि फ्रिज बंद.

मीटर लावलं. बॅटरीवर पूर्ण बारा व्होल्ट, पंपावर जेमतेम नऊ. म्हणजे मधे कुठेतरी करंट खाल्ला जातोय. सीटखालची फळी काढली आणि सापडलं. समुद्राची खारी हवा, दुसरं काय! अर्थची जाड वायर जिथे गाडीच्या बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथे हिरवा कळंक, पितळेच्या भांड्यावर चढतो तसा. वायर सोलली तर आत वीतभर तांबं काळं. हे वरून घासून जात नाही. लाल तांबं दिसेपर्यंत वायर कापायची, टोकाला तांब्याचं नवं थिंबल, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायची कडी, दाबून बसवायचं, कथील सोडायचं, वर रबरी नळीची स्लीव चढवायची. असे पाच जोड केले. आणखी दोन जोड आधीच्या कोणीतरी नुसते पिळून टेप मारलेले होते. भिकार काम, पण तांबं लाल होतं म्हणून सोडले.

संध्याकाळी सगळं चालू.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅडम परत. "काका, पंप बंद."

स्लीव चिरली. आत हिरवं पीठ. पाचही जोडांत... एका दिवसात! आणि त्या भिकार दोन जोडांना काही नाही.

मला वाटलं बॅटरीच्या अॅसिडची वाफ असेल. बॅटरी हलवली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकाचक केली, पाचही जोड नवे केले, वर व्हॅसलीन फासलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. या वेळी मॅडम भर गल्लीत ओरडल्या.

"काका, तुम्ही वायरिंग करता की शेती? रोज हिरवं उगवतंय!"

चहावाला हसला. शेजारचा पत्रेवाला हातोडी थांबवून ऐकत होता. माझं टाळकं सरकलं. मी बोललो, "मॅडम, आता माझा एक जोड जरी हिरवा झाला तर ही दुकानाची पाटी मी स्वतः उतरवीन, आणि परत पकड हातात धरणार नाही."

"पाटीचं मी काय करू? मला पंप पाहिजे."

पण बोललो ते बोललो. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. पाटीवर माझ्या नावाशिवाय दुसरं काही नाही. बाप मिलमध्ये झाडू मारायचा, त्याचं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणून ते रंगवून घेतलं होतं.

वायर नव्या बंडलातली घेतली. थिंबलं नवी, कथील नवं. जेवायला घरी गेलो नाही.

चौथ्या दिवशी मॅडम आल्या त्या बबलूला घेऊन. हा परदेशीपुऱ्याचा बबलू, पन्नाशीचा, माझाच धंदा करणारा. त्याचं काम सगळं टेपच्या भरवशावर. वीस वर्षं आमचं बोलणं नाही. त्याने येताच सीटखाली बघितलं, हिरवं पीठ बोटावर घेतलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलला...

"काकाजी, जिंदगीभर दातांनी वायर सोलली तुम्ही. आता गाडी तेच परत थुंकून राहिली आहे!"

खरं आहे, मी वायर दातांनी सोलतो. पुढचे चार शिल्लक आहेत, ते त्याच कामाला ठेवलेत. मी बोललो, "तू तोंड मिट, बॅटरीपेक्षा जास्त वास येतो."

"अरे तर मग करून दाखवा ना भिया, हातमोजे घालून!"

केलं. मॅडम परीक्षेला उभं राहावं तशा मधे उभ्या. एकाच बंडलातून दोन तुकडे, एकच दाबायचं औजार. मी हातमोजे घातले, वायर मशीनने सोलली. माझ्या जोडाला पांढरी टेप, बबलूच्या जोडाला काळी. दोन्ही एकाच बोल्टवर कसले. स्लीव कोणीच चढवली नाही, उघडं दिसायला पाहिजे म्हणून. बॅटरीचं टर्मिनल मी माझ्या हाताने काढून बाजूला ठेवलं. दुपारचे साडेबारा, दारं उघडी, आत ऊन येत होतं. मी बोललो, "आता कोणी हलायचं नाही. इथेच बसायचं."

पाऊण तास काही नाही. बबलू मोबाइल बघत बसला. मग माझ्या तोंडात चव आली, नाणं चोखल्यासारखी. मी मॅडमकडे बघितलं, तर त्या पदराने ओठ पुसत होत्या. बबलूनेही मोबाइल खाली ठेवला.

माझ्या थिंबलच्या मानेतून हिरवं निघालं. डाग पडतो तसं नाही. सरकत... मुंगीच्या चालीने, वायरकडे. दोन बोटांवर बबलूचा जोड, लाल. त्याच्याकडे वळलंच नाही.

मी हातमोजा काढून बोट पुढे केलं आणि पंप घुरघुरला.

बॅटरी सुटी होती! मी परत सांगतो, टर्मिनल मी काढलं होतं, ते मॅडमच्या पायाशी पडलेलं होतं. मी हात मागे घेतला, पंप थांबला. परत पुढे केला, परत घुरघुरला. जेवणाऱ्या कुत्र्यासमोरून थाळी ओढायला गेलं की ते करतं ना, तसं. बबलूने हात पुढे केला, काही नाही. मॅडमनी केला, काही नाही. मी केला... आणि या वेळी वरचे दिवेसुद्धा लागले, पिवळे, दम लागल्यासारखे.

मॅडम एकदम हळू बोलल्या. "काका, तुम्ही खाली उतरा बरं."

"का उतरू? माझं काम आहे."

"उतरा. हात जोडते."

उतरलो. दिवे विझले.

थोड्या वेळाने बबलू उतरून आला. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं आता गल्लीला हाक मारून सांगणार. तो कानाजवळ येऊन बोलला, "काकाजी, पाचही जोड मी करून देतो. तुम्ही केले म्हणून सांगा. मॅडमशी बोललोय मी, त्या कोणाला सांगणार नाहीत. पाटी राहू द्या."

वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं एकच चांगलं बोलला, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

"तुझा जोड आणि माझं नाव? शिडी आण."

"काकाजी, जिद्द सोडा..."

"आण बोललो ना! आणि नीट धर, हलवू नको."

चार स्क्रू होते, गंजलेले. अर्धा तास लागला. सगळी गल्ली बघत उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

मॅडम बबलूच्या जोडांवर महिनाभर फिरून आल्या. पंप एकदाही बंद पडला नाही, फोन करून त्यांनीच सांगितलं. मी "बरं" बोललो आणि ठेवून दिला.

एका इंजिनियर साहेबांनी मला समजावलं, की दोन वेगळे धातू भेटले की असं होतं. साहेब, तुमच्या जन्माआधीपासून मला ते माहीत आहे. तांबं तेच होतं, बोल्ट तोच होता, फक्त हात दोन वेगळे होते. कोणी विचारतात, ही गाडी आधी कधी तुमच्याकडे आली होती का, तिच्या मालकाशी काही भांडण? नाही. पुष्कळ आठवून बघितलं. माझी भांडणं मला सगळी पाठ आहेत, त्यात ही गाडी नाही. आणि सुट्या बॅटरीवर पंप कसा चालला, यावर तर इंजिनियर साहेबांनी घड्याळच बघितलं.

पकड मी परत धरली नाही. पण रोज संध्याकाळी वायरचे दोन तुकडे नुसत्या बोटांनी पिळून खिडकीत ठेवतो आणि सकाळी उठून आधी तेच बघतो. आजही लाल होते. एकदा तरी हिरवे झाले असते, तर निदान खोट माझ्यात आहे एवढं तरी कळलं असतं.